दिवसा सहा, रात्री सात : द्राक्ष पॅकहाऊसमधल्या बंद कॅमेऱ्यांचं प्रकरण

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. पिंपळगाव बसवंतच्या पलीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमधून संध्याकाळी फोन आला. तिथल्या मालकांना सगळे नाना म्हणतात. "भाऊ, सात कॅमेरे गेलेत. उद्या पहाटे कंटेनर लागतोय. कसंही करा, पण आज रात्रीच या."

द्राक्षाचा सीझन जानेवारी ते एप्रिल. या चार महिन्यांत पॅकहाऊस झोपत नाही. बागेतून आलेला माल निवडायचा, पेट्या भरायच्या, प्रीकूलिंगला लावायच्या आणि शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवून रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये चढवायच्या. तिथून न्हावा शेवा, मग जहाज. माल युरोपात उतरायला काही आठवडे जातात आणि तक्रार आलीच तर ती तेव्हा येते. किती पॅलेट चढले, डॉकचं, म्हणजे माल चढवायच्या जागेचं, दार किती वेळ उघडं होतं, सील कोणी लावलं, याला तेव्हा साक्षीदार एकच उरतो, डॉकवरचा कॅमेरा. सातात तोही होता, म्हणून नानांचा आवाज चढलेला होता.

एकूण चोवीस कॅमेरे, सगळ्यांचं चित्र साठवणारा एक बत्तीस चॅनेलचा एनव्हीआर आणि तीन पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज देणारे. गेल्या दहा दिवसांत दुसरा एक टेक्निशियन दोनदा येऊन गेला होता. एक कॅमेरा त्याने बदलला, दोन-तीन कॅमेऱ्यांचं रिसेटचं बटण दाबलं, एकाला नवीन फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, टाकायला घेतलं आणि मध्येच लाइट गेली. त्यानंतर बंद कॅमेरे कमी व्हायच्या ऐवजी वाढले. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण बंद कॅमेरा दिसला की आधी रिसेट करायचा, ही आमच्या धंद्यातली सवय मला मनापासून खटकते. रिसेटने कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता जातो, पासवर्ड जातो, सेटिंग जातं, आणि तो का बंद पडला याचा मागही पुसला जातो.

मी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. गेटवर वॉचमन मामा उभे होते. गाडीतून सामान उतरवताना ते सहज म्हणाले, "तसे दिवसा सहाच बंद असतात. गेटचा हा अंधार पडला की जातो." हे वाक्य मी तिथेच वहीत लिहून घेतलं. त्या रात्रीतला सगळ्यात उपयोगी धागा मला मामांनीच दिला.

आधी डॉक

माझ्या गाडीत एक स्पेअर कॅमेरा कायम असतो. पहिलं काम म्हणून तो डॉकवर लावला. नवा पत्ता दिला, एनव्हीआरमध्ये जोडला, रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं नानांना प्लेबॅकमध्ये दाखवलं. पंधरा मिनिटांत पहाटेच्या कंटेनरची काळजी मिटली आणि सगळ्यांचे खांदे सैल झाले. एक निदानही आपोआप झालं: त्याच वायरीवर, त्याच पोर्टवर दुसरा कॅमेरा चालतो, म्हणजे वायर आणि स्विच चांगले आहेत, आजार जुन्या कॅमेऱ्यातच आहे. उतरवलेल्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड आधी काढून पाकिटात घातलं, वर तारीख टाकली. कॅमेरा बिघडण्याआधीचं रेकॉर्डिंग त्यात असू शकतं, आणि दुरुस्तीच्या नादात कार्ड फॉरमॅट झालेलं मी पूर्वी पाहिलंय.

मग तासभर काहीच उघडलं नाही. कागदावर सात ओळी आखल्या आणि प्रत्येक कॅमेऱ्यासमोर चार गोष्टी लिहिल्या. स्विचवर त्याच्या पोर्टचा विजेचा दिवा लागतो का, लिंकचा, म्हणजे नेटवर्कची जोडणी झाल्याचा, दिवा लागतो का, लॅपटॉपवरच्या शोध-सॉफ्टवेअरला तो सापडतो का, आणि पिंगला, म्हणजे त्याच्या पत्त्यावर मारलेल्या हाकेला, उत्तर देतो का. एनव्हीआरच्या पडद्यावर सातही चौकोन सारखेच काळे होते. कागदावर मात्र चार गट पडले.

शीतगृहातले ९, १० आणि १२ क्रमांकाचे कॅमेरे : दोन्ही दिवे बंद. ३ आणि १७ : दोन्ही दिवे चालू, शोधात सापडतात, पिंगचं उत्तर मध्येच येतं, मध्येच नाही. डॉकवरून उतरवलेला २१, दुसऱ्या पोर्टवर लावून बघितला : वीज घेतो, पण लिंक मिनिटाभराने जाते-येते आणि शोधात कधीच दिसत नाही. गेटचा २४ स्विचवरून वीज घेत नव्हता, त्याला वेगळा ॲडॉप्टर होता. तो काही सेकंद दिसायचा आणि गायब व्हायचा.

नाना शेजारी बसून कागद बघत होते. "म्हणजे एकच कायतरी बिघडलंय असं नाही?" नाही, चार वेगळे आजार होते आणि लक्षण तेवढं सारखं होतं.

एका पत्त्यावर दोघे

३ आणि १७ सोपे निघाले. या बनावटीचा कॅमेरा रिसेट केला की आपल्या मूळ पत्त्यावर जातो, १९२.१६८.१.६४. दोन्ही कॅमेरे रिसेट झालेले, त्यामुळे दोघे एकाच पत्त्यावर बसले. पिंगला कधी हा उत्तर द्यायचा, कधी तो. लॅपटॉपवर एआरपीची यादी, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणतं उपकरण आहे ती, दोन-तीनदा काढली तर त्याच पत्त्यासमोर दर वेळी वेगळा मॅक क्रमांक, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा कायमचा क्रमांक. शोध-सॉफ्टवेअर मात्र आयपी पत्त्यावर अवलंबून राहत नाही, थेट मॅकवर जातं, त्यामुळे त्यात दोन्ही वेगवेगळ्या ओळींत दिसले.

१७ची वायर स्विचमधून काढली, ३ला त्याचा जुना पत्ता आणि पासवर्ड दिला. मग १७चं तेच. ३ लगेच जागा झाला. १७ला बरोबर पासवर्ड देऊनही एनव्हीआर 'पासवर्ड चुकीचा' म्हणत राहिला. इथे पुष्कळजण पुन्हा रिसेटकडे वळतात. झालं असं होतं, की एनव्हीआर जुना पासवर्ड घेऊन सारखा दार वाजवत होता आणि चुकीचे प्रयत्न वाढल्यावर कॅमेऱ्याने त्याच्यासाठी काही काळ दारच बंद केलं होतं. साधारण अर्ध्या तासाचं हे कुलूप असतं. एनव्हीआरमधून १७ची नोंद काढून टाकली, म्हणजे दार वाजणं थांबलं. चहा घेतला, अर्ध्या तासाने पुन्हा जोडला, चित्र आलं.

चित्र आलं, पण वेळ अडीच तास पुढे. हेही रिसेटचंच. कारखान्यातून येताना यांच्यात चीनची वेळ असते, ग्रिनिचच्या आठ तास पुढे. आपली साडेपाच तास पुढे. वेळ चुकली की रेकॉर्डिंग असूनही सापडत नाही, आणि वादाच्या वेळी तर अशा पुराव्याला किंमत राहत नाही. सगळ्या कॅमेऱ्यांना घड्याळ एनव्हीआरकडून घ्यायला लावलं.

शीतगृह

रात्री साडेदहाला सुपरवायझरदादांनी जाड जॅकेट दिलं आणि आम्ही आत गेलो. दार फार वेळ उघडं ठेवता येत नाही, म्हणून शिडी, कटर, क्रिम्पर, टेस्टर आणि टॉर्च सगळं एकदम आत घेतलं. आत तापमान शून्याच्या जवळ, आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर, कारण कोरड्या हवेत द्राक्षाचा देठ सुकतो. शिवाय एक तिखट, नाकात चरचरणारा वास. पेट्यांमध्ये बुरशी येऊ नये म्हणून सल्फरचे पॅड घालतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो. पेटीला प्लॅस्टिकचं आवरण असतं तरी थोडा वास खोलीत येतोच.

१०च्या मागची डबी उघडली. तळाशी चमचाभर पाणी. कॅमेऱ्याच्या शेपटीला लावलेला आरजे४५चा, म्हणजे नेटवर्क वायरीच्या टोकाचा, खटका नुसता डबीत सोडलेला, त्यावर येणारी वॉटरप्रूफ टोपी लावलेलीच नव्हती. खटका काढून टॉर्चखाली धरला. आठ पट्ट्यांपैकी सहा पिवळ्याधमक. मधल्या दोन, चौथी आणि पाचवी, निळी जोडी, पार हिरव्या. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात रात्रभर ताक राहिलं तर जसा कळंक चढतो तसा. नखाने खरवडलं तर पट्टीचा तुकडाच निघून आला.

नेमक्या त्या दोनच का? या स्विचवर वीज जाते ती निळ्या आणि तपकिरी जोडीतून. निळी जोडी धन, तपकिरी ऋण. ओलाव्यात एकदिश वीज वाहिली की धन बाजूचं धातू विरघळत जातं. सोन्याचा पातळ मुलामा जिथे घासला गेला तिथून आतलं तांबं उघडं पडतं. त्यात पाण्यात मिसळलेला सल्फर डायऑक्साइड, म्हणजे सौम्य आम्लच. डेटाच्या नारिंगी आणि हिरव्या जोड्या शाबूत होत्या, पण वीज पोचत नसेल तर कॅमेरा बोलणार कसा?

स्विचवर विजेचा दिवा का लागत नव्हता तेही यातच. पीओई स्विच एकदम अठ्ठेचाळीस व्होल्ट सोडत नाही. आधी थोडा व्होल्टेज सोडून पलीकडे साधारण पंचवीस किलोओहमचा रोध सापडतो का ते तपासतो. सापडला तर समोर पीओई उपकरण आहे असं समजून पुढची वीज देतो. हे २००३च्या आयईईई ८०२.३एएफ या मानकातलं आहे. कळंकाने हा हिशेब बिघडला, स्विचला पलीकडे कोणी आहे हेच कळलं नाही. कॅमेरे धडधाकट होते आणि मेलेले ठरवले गेले होते. एक तर बदलण्याच्या यादीतही होता.

पाणी कुठून आलं, हा खरा प्रश्न होता. छताला गळती नाही. वायर ज्या पाइपातून येते तो पाइप बाहेर पॅकिंग हॉलमध्ये उघडा होता. हॉलची उबदार, दमट हवा पाइपातून आत सरकायची आणि थंड टोकाला पोचली की तिथे पाणी व्हायची. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तेच. नुसते खटके बदलून निघून आलो असतो तर महिनाभरात पुन्हा हीच शिडी लागली असती.

तिन्ही ठिकाणी वायर वीतभर मागे कापली, कारण ओल वायरीच्या आवरणात शिरलेली असते. आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापायचं. नवे खटके, पट्ट्यांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस, वरून वॉटरप्रूफ टोपी आणि रबराचा वायसर. वायरीला डबीत शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल. कॅमेऱ्याच्या शेपटीवरची सॉकेट कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केली. १२च्या सॉकेटमधली एक तार इतकी खाल्ली गेली होती की ती शेपटीच बदलावी लागली. पाइपाचं हॉलकडचं, म्हणजे गरम बाजूचं तोंड डक्ट पुट्टीने बुजवलं. बाजू महत्त्वाची आहे. थंड टोक बुजवून गरम टोक उघडं ठेवलं तर दमट हवा पाइपात शिरत राहते आणि पाणी पाइपातच साठतं.

बाराला दहा मिनिटं असताना तिन्ही चित्रं आली. ९ची काच आतून धुरकट होती. नवीन सिलिका जेलची पुडी घालून झाकण बसवलं, सकाळपर्यंत ती निवळली.

मेलेला २१

आता डॉकवरून उतरवलेला २१ ऑफिसच्या टेबलावर. फर्मवेअर टाकताना वीज गेल्याने त्याची मुख्य प्रणाली अर्धवट लिहिली गेली होती. तो सुरू व्हायचा, अर्धवट वाटेवर अडखळायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मिनिटाला जाणारी-येणारी लिंक तीच. पण लिंक येते याचा अर्थ बूटलोडर, म्हणजे सुरू करणारा अगदी पहिला छोटा प्रोग्रॅम, जिवंत आहे. तो जिवंत असेल तर आशा असते.

या घराण्याच्या कॅमेऱ्यांचा बूटलोडर सुरुवातीचे काही सेकंद एका ठरलेल्या पत्त्यावर हाक मारतो. स्वतः १९२.०.०.६४ होतो आणि १९२.०.०.१२८ या पत्त्यावर टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे साध्या पद्धतीने फाइल देणारा संगणक, आहे का ते बघतो. तिथे डिजिकॅप.डाव्ह नावाची फाइल मिळाली तर ती उचलून स्वतःला पुन्हा लिहून घेतो. नाव तंतोतंत तेच लागतं. कंपनीच्या साइटवरून आलेल्या झिपमधली फाइल काढून तेच नाव आहे ना ते बघायचं, विंडोजने शेपटाला दुसरं काही चिकटवलेलं नाही ना तेही बघायचं.

लॅपटॉपला १९२.०.०.१२८ दिला, वायफाय बंद केलं, फायरवॉलमधून टीएफटीपीला वाट दिली. कॅमेरा लॅपटॉपला थेट जोडला नाही, मध्ये एक छोटा पीओई स्विच ठेवला. थेट जोडला तर कॅमेरा रीस्टार्ट होताना लॅपटॉपची लिंकही पडते आणि ती परत येईपर्यंत ते मोजके सेकंद निघून जातात. सगळं यूपीएसवर घेतलं, कारण तिकडे रात्री लाइट जाणं नवलाचं नाही आणि याच कारणाने कॅमेरा मेला होता.

पहिल्या प्रयत्नात काहीच नाही. दुसऱ्यांदा फाइल गेली, पण कॅमेरा पुन्हा त्याच चक्रात. तेव्हा कॅमेऱ्याच्या पोटावरचं लेबल भिंगाने वाचलं. आधीच्या टेक्निशियनने जी फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून दिली होती आणि मी घाईत तीच वापरली होती, ती शेजारच्या मालिकेची निघाली. मॉडेलचं नाव जवळपास सारखं, आतली चिप वेगळी. वीज गेली नसती तरी हा कॅमेरा कदाचित उठला नसता. कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलची फाइल उतरवली, वायर काढून पुन्हा लावली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या: जोडणी झाली, फाइल जातेय, फाइल गेली. मग शेवटची, अपडेट पूर्ण झाल्याची. त्यानंतरही दहा मिनिटं हात लावला नाही. लिहिणं आत चालूच असतं.

एक वाजून वीस मिनिटांनी शोध-सॉफ्टवेअरमध्ये नवी ओळ आली. २१, तारीख १ जानेवारी १९७०. घड्याळ शून्यावरून सुरू झालेलं. नानांना उठवलं नाही, पण मला मात्र तिथेच बसून दोन मिनिटं ते चित्र बघावंसं वाटलं. टेबल, चहाचा कप आणि माझाच हात.

गेटचा २४

पहाटे कंटेनर भरून गेला, उजाडलं, तसा गेटचा कॅमेरा आपोआप जिवंत झाला. मामांचं वाक्य वहीत होतंच. वर चढून कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या उजेडाच्या डोळ्यावर तळहात ठेवला. त्याला रात्र झाल्यासारखं वाटलं. आत 'टक्' असा आवाज झाला, फिल्टर सरकला, इन्फ्रारेडचे दिवे मंद लाल झाले आणि कॅमेरा विझला. हात काढला, मिनिटाभराने परत आला. तीनदा केलं, तीनदा तेच.

याला वीज केबिनमधल्या बारा व्होल्टच्या ॲडॉप्टरवरून, चाळीस मीटर नेटवर्क वायरीच्या दोन मोकळ्या जोड्यांमधून दिलेली. कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावला. दिवसा साडेदहा व्होल्ट. हात ठेवला की आठच्या खाली कोसळायचे. वायरीचं टोक ब्लेडने खरवडलं तर लाल तांब्याच्या आत पांढरी चांदीसारखी तार. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, बाजारात सीसीए म्हणून मिळतं. त्याचा रोध अस्सल तांब्याच्या साधारण दीडपट. चाळीस मीटरला जाऊन-येऊन पाच ओहमच्या पुढे. दिवसा तीन वॅट घेणारा कॅमेरा त्यावर कसाबसा तगतो, पण दिवे लागले की सात वॅट लागतात, आणि बारा व्होल्टवरून पाच ओहमपलीकडे सात वॅट पोचवताच येत नाहीत, मागाल तितका करंट वाढवला तरी. कॅमेरा विझला की भार जातो, व्होल्टेज परत चढतो, तो पुन्हा उठतो, पुन्हा दिवे लावतो. रात्रभर हेच चालायचं.

हा कॅमेरा पीओई घेणारा होताच. ॲडॉप्टर काढला, अस्सल तांब्याची नवी वायर ओढली, स्विचवर घेतला. अठ्ठेचाळीस व्होल्टवर तेवढ्याच वॅटला करंट चौथाई लागतो, त्यामुळे वाटेतली घट नगण्य. काढलेला ॲडॉप्टर उघडला तर आत एक वाळलेली पाल. ती या बिघाडाचं कारण नव्हती, पण सीझनभरात झाली असती.

निघण्याआधी राउटर बघितला. घरून बघता यावं म्हणून एनव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा टाकलेला आणि पासवर्ड १ ते ६ आकडे. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असेच कॅमेरे आणि राउटर कारखान्याच्या पासवर्डने बळकावले होते आणि त्यांच्याकडून मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. पोर्ट बंद केले, असे पोर्ट आपोआप उघडणारं यूपीएनपी बंद केलं, पासवर्ड बदलून नानांच्या हाताने वहीत लिहून घेतला आणि वही तिजोरीत ठेवायला सांगितली. रॅकच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवला: कॅमेऱ्याचा क्रमांक, जागा, मॉडेल, मॅक, पत्ता, कोणता स्विच, कोणता पोर्ट. तो तक्ता आधीपासून असता तर ३ आणि १७ची भानगड झालीच नसती.

एप्रिलच्या शेवटी, सीझन संपून शीतगृह रिकामं झाल्यावर मुद्दाम गेलो. १०ची डबी उघडली. तळ कोरडा. खटका काढून उजेडात धरला, आठही पट्ट्या पिवळ्या होत्या. ग्रीसचा थर तसाच होता. परत लावून टोपी घट्ट केली आणि तक्त्यावर त्या दिवसाची तारीख घातली.